दहापट भिंग घ्या, पण फूल तोडून डोळ्याशी आणू नका

निसर्ग बघायला काय घ्यावं असं कोणी विचारलं की पहिलं उत्तर येतं दुर्बीण, मग मोठ्या लेन्सचा कॅमेरा, मग चांगले बूट. मी कायम एकच गोष्ट सांगते, घडीचं भिंग. दहापट मोठं दाखवणारं, अंगठ्याच्या पेराएवढं, धातूच्या कव्हरमधून फिरवून बाहेर काढायचं, हिरे-दागिने तपासणारे वापरतात ना तेच. माझं बरंच जुनं आहे, कव्हरवरचा रंग उडालाय, स्क्रू थोडा सैल झालाय, काच मात्र पहिल्या दिवसासारखी आहे. पण काच किती स्वच्छ आणि कडा किती स्पष्ट एवढंच सांगून थांबले तर हा रिव्ह्यू अर्धाच होईल, कारण हे वापरायला लागल्यावर माझ्यासाठी बदललंय ते भिंगात काय दिसतं यापेक्षा मी झाडांशी, किड्यांशी, भिंतीवरच्या शेवाळाशी कशी वागते ते.

सगळ्यात आधी वापरायची पद्धत, कारण तिथेच बहुतेक लोक वैतागून भिंग ड्रॉवरमध्ये टाकतात. वाचायचं मोठं भिंग आपण हातभर लांब धरतो, तसं हे धरलं तर काही दिसत नाही, नुसता हलणारा धूसर ठिपका. हे डोळ्याला लावायचं, म्हणजे जवळजवळ पापणीला टेकेल इतकं जवळ, हात गालावर टेकवायचा म्हणजे थरथरत नाही, आणि दुसरा डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवले की डोळा दुखत नाही, दोनचार वेळा वापरलं की मेंदू आपोआप दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. पुढची ओळ असते की आता वस्तू हळूहळू जवळ आणा, स्पष्ट दिसेपर्यंत. आणि इथे माझा आक्षेप आहे. वस्तू जवळ आणायची म्हणजे काय करायचं? फूल तोडायचं, शेवाळाचा गठ्ठा उपटायचा, किडा चिमटीत धरायचा, पानं ओरबाडायची. प्रयोगशाळेत नमुना तपासायचा असेल तर ठीक आहे, तिथे ती गरज असते. पण बाहेर, जिथे ते सगळं जिवंत आहे आणि आपल्याला फक्त बघायचंय, तिथे वस्तूला हात लावायचं काही कारणच नाही. भिंग डोळ्याला लावून ठेवा आणि तुम्ही जा त्याच्याकडे. वाका, गुडघे टेका, पोटावर झोपा, काय लागेल ते करा, पण हलायचं आपण.

ऐकायला ही फार साधी गोष्ट वाटते पण करून बघितल्यावर कळतं की आपल्याला त्याची अजिबात सवय नाही. आपण बाहेर जातो तेव्हासुद्धा सगळं आपल्याकडे यावं अशीच अपेक्षा असते, दृश्य समोर असावं, फूल हातात यावं, पक्षी फोटोच्या चौकटीत यावा. भिंग हे चालू देत नाही. स्पष्ट दिसायचं अंतर ठरलेलं आहे, ते आपल्या सोयीने कमीजास्त होत नाही, आणि समोरचं शेवाळ तर जागचं हलणार नाहीच. मग हलायचं कोणी?

आता कुठलं घ्यायचं. लोक विचारतात २०एक्स का नको, ३०एक्स का नको, जास्त मोठं दिसेल ना. उत्तर अंतरात आहे. भिंग किती पट मोठं दाखवतं ते काढायचा सरळ हिशोब म्हणजे २५० मिलिमीटरला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे लांबून आलेला उजेड भिंग जिथे एका बिंदूत गोळा करतं तिथपर्यंतच्या अंतराने, भागायचं. म्हणजे दहापट भिंगाचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर, वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर असली की स्पष्ट दिसते. वीसपटीला तेच अंतर साडेबारा मिलिमीटर होतं. सव्वा सेंटिमीटरवर चेहरा नेला की आपलीच सावली वस्तूवर पडते, नाक पानाला लागतं, उच्छ्वासाने काच धूसर होते, किडा असेल तर केव्हाच पळालेला असतो, आणि त्यातून स्पष्ट दिसणारा थर इतका पातळ असतो की शेवाळाचं एक पान दिसलं तर शेजारचं धूसर. म्हणून २०एक्सवाले लोक हमखास वस्तू तोडून उजेडात धरतात, त्यांना पर्याय नसतो. जिवंत गोष्ट तिच्या जागेवर, तिला न छेडता बघायची असेल तर दहापट हीच मर्यादा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सातपट मिळालं तरी घ्या, विसाच्या मागे लागू नका.

दुर्बिणीविरुद्ध माझं काहीही नाही, पक्षी बघण्यात आनंदच आहे. पण जरा आकडे बघा. जगात पक्ष्यांच्या जाती साधारण ११ हजार. सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास. आणि कीटकांच्या नुसत्या नाव दिलेल्या जाती सुमारे १० लाख, अजून कितीतरी नाव न मिळालेल्या. भिंतीवरच्या या शेवाळाच्याच, म्हणजे मॉसच्या, १२ हजारांच्या घरात जाती आहेत. म्हणजे पृथ्वीवर जे काही जिवंत आहे त्यातलं बरंचसं दुर्बिणीच्या टोकाला नसून आपल्या बुटांच्या आसपास आहे, आणि आपण निसर्ग वाचवा म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतो वाघ, हत्ती, व्हेल, फार तर मोठं झाड. या मोठ्यांना जगवणारे लहान जीव आपल्याला दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्याची काळजी कोण घेणार? १९९९ मध्ये वँडर्सी आणि शुस्लर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी झाडांच्या बाबतीत हेच मांडलं होतं, माणसं प्राणी टिपतात पण समोरची वनस्पती त्यांच्या लेखी नुसता हिरवा पडदा असते. पडद्याकडे आपण पडद्यासारखंच बघतो, मळला की धुवायचा, जुना झाला की काढायचा.

शेवाळापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते कारण ते कुठेही असतं, भिंतीच्या सांध्यात, कुंडीच्या काठावर, फरशीच्या फटीत, आणि पळून जात नाही. कोरडं, तपकिरी, मेल्यासारखं दिसणारं शेवाळ शोधा. आधी तसंच बघा, पानं चुरमडून खोडाला चिकटलेली असतात. मग त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि भिंग हलवू नका. पानं आपल्यासमोर उघडायला लागतात, एकेक करून, थोड्या वेळात सगळा गठ्ठा हिरवा. त्याला खरी मुळं नसतात, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नसतात, पानांवाटेच पाणी आत येतं आणि पानांवाटेच जातं, पाणी नसेल तेव्हा ते जवळपास सगळे व्यवहार बंद करून थांबतं. हे एकदा बघितलं की कोरडं शेवाळ मेलंय समजून खरवडणं जमत नाही, निदान मला तरी जमत नाही.

शेवाळाला कधी बारीक काड्या आलेल्या दिसतील, टोकाला छोटी कुपी. कुपीचं झाकण पडलेलं असेल तर तोंडाशी दातांची एक रांग दिसते, गोल, नीट मांडलेली. अनेक जातींमध्ये हे दात हवेतल्या ओलाव्याने हलतात, कोरड्या हवेत बीजाणू बाहेर सोडायला उघडतात आणि दमट झालं की आत वळतात. तुम्ही अडीच सेंटिमीटरवर आहात आणि हळूच फुंकर घातलीत तर त्या फुंकरीतल्या दमटपणानेसुद्धा ते हलू शकतात. मी निसर्ग बाहेरून बघतेय, मी वेगळी आणि ते वेगळं, असं वाटत असतं ना, ते तिथे संपतं, माझ्या श्वासाने समोरच्याचं काहीतरी बदलतंय आणि मला ते दिसतंय. मला वाटतं निसर्गाशी नातं वगैरे मोठमोठं बोलण्यापेक्षा ही एक फुंकर जास्त शिकवते.

नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानाची मागची बाजू बघताना पान तोडायचं नाही, हळूच उलटून धरायचं किंवा खाली झोपून वर बघायचं. तपकिरी ठिपके दिसतात ते रोग नाहीत, खूप लोक रोग समजून अशी पानं कापून टाकतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचा घोळका, आणि प्रत्येक पिशवीच्या कडेने जाड पेशींची एक पट्टी असते. पिकलेल्या पिशवीवर ऊन आलं की या पेशींमधलं पाणी उडायला लागतं, पट्टी मागे ताणली जाते, पिशवी फाटते, पट्टी उलटी वळते, आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पेशीतल्या पाण्यात बुडबुडा तयार होऊन पट्टी एकदम पूर्वीच्या जागी झपकन येते, बीजाणू दूर फेकले जातात. दहापटीत पिशव्या एकामागून एक उडताना दिसतात. ना स्नायू ना मेंदू, नुसतं पाणी आणि पेशींच्या भिंती.

साध्या झाडांच्या पानांमागे सुद्धा बघा. मधली शीर आणि बाजूची शीर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात पुष्कळ झाडांना केसांचा छोटा झुपका किंवा खळगा असतो. लुंडस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये यांना घरकुलं म्हणावं असं सुचवलं, कारण त्यात माइट म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव राहतात, आणि त्यातले बरेचसे पानावरची बुरशी नाहीतर पान खाणारे दुसरे माइट खाऊन जगतात. झाड जागा देतं, राहणारे पान स्वच्छ ठेवतात. आपण पानावर काहीही दिसलं की कीड म्हणतो आणि फवारा मारतो, त्यात हे भाडेकरूही जातात.

फवाऱ्याचं निघालं म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण या भिंगाचा रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो. कोवळ्या शेंड्यावर मावा आला की आपला हात आधी बाटलीकडे जातो. त्याआधी पाच मिनिटं भिंग लावून बसा. पहिल्यांदा दिसेल मावा स्वतः, पाठीमागे दोन बारीक नळ्या असलेला, तोंडाची सोंड खोडात रुतवलेली, आणि नशीब असेल तर एखादी मादी पिल्लाला जन्म देताना दिसेल, कारण वाढीच्या हंगामात बहुतेक मावा नराशिवाय थेट पिल्लंच देतो. मग जरा बाजूला बघा. त्याच घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी-सोनेरी, कागदासारखे कडक दिसतात का? त्यांच्यात एका इवल्याशा गांधीलमाशीने अंडं घातलंय, अळीने मावा आतून खाल्लाय आणि उरलाय तो नुसता टणक कोष. एखाद्याच्या पाठीवर गोल भोक असेल तर आतली माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेलीये. अजून शोधलं तर बिनपायांची, अर्धपारदर्शक, गोगलगायीसारखी सरकणारी अळी दिसू शकते, ती फुलमाशीची, तीही मावाच खाते. पिवळ्या-नारिंगी अंड्यांचा उभा पुंजका दिसला तर तो लेडीबर्डचा. म्हणजे तुम्ही बाटली उचलता तेव्हा मदत आधीच आलेली असते, फक्त उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही, किंवा दिसते तीही कीडच वाटते. लेडीबर्डच्या काळ्या लांबट अळीला तर कितीतरी लोक मारतात, आणि मग मोठा लाल लेडीबर्ड दिसला की किती गोड म्हणतात.

यावर कोणी म्हणेल की मग काय मावा झाड खाऊ दे का. नाही. कधीकधी मावा खरंच जास्त होतो, शेंडा आखडतो, कोवळं रोप असेल तर ते जाऊ शकतं, तेव्हा पाण्याचा फवारा, शेंडा खुडणं हे करावंच लागतं. मी हात बांधून बसा म्हणत नाहीये, मी म्हणतेय बघितल्याशिवाय करू नका. दहातले दोन मावे तपकिरी झालेले दिसले तर थांबायचं आणि काही दिवसांनी परत बघायचं, एकही तपकिरी नाही आणि मुंग्या राखण करतायत, माव्याचा गोड चिकट पाझर नेतायत आणि शत्रूंना हुसकावतायत, तर वेगळा निर्णय. काळजी घेणं म्हणजे दरवेळी काहीतरी करणं असा आपला समज असतो, आणि त्यात आपण जे करतो ते बहुतेक वेळा काढणं, पुसणं, मारणं असतं. भिंगामुळे मधे पाच मिनिटं येतात. त्या पाच मिनिटांत निम्मे फवारे रद्द होतात.

भिंतीवरचं, खडकावरचं, फांदीवरचं दगडफूल, लायकेन म्हणतात ते, तेसुद्धा असंच घासून काढलं जातं, झाडाला बुरशी लागलीये म्हणून. ते झाडाचा रस शोषत नाही, साल ही त्याला बसायला फक्त जागा असते. भिंगाखाली वाट्या दिसतात, काठ वळलेल्या पाकळ्या, कधी पिठासारखी भुकटी, त्या भुकटीच्या एकेका कणात बुरशीचे धागे आणि हिरव्या शैवालाच्या पेशी एकत्र बांधलेल्या असतात, दोघं मिळून नव्या ठिकाणी जायला तयार. हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे असं श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ च्या सुमारास मांडलं तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या जाणकारांना ते पटलं नव्हतं. खडकाला घट्ट चिकटलेली लायकेनं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, काही त्याहूनही कमी सरकतात. म्हणजे दहा सेंटिमीटर रुंदीचा गोल डाग दिसला तर मधून कडेपर्यंतचे पाच सेंटिमीटर गाठायला त्याला पन्नास वर्षं लागली असतील, आणि तारेच्या ब्रशने तो जायला काही मिनिटं पुरतात. शिवाय ही मंडळी हवेचा हिशोब ठेवतात. नायलँडर या लायकेनांच्या अभ्यासकाने १८६६ मध्ये पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनांची यादी केली आणि दाखवलं की शहराच्या इतर भागांत ती नाहीत, म्हणजे इथली हवा बरी आहे. कुठलंही यंत्र न लावता, फक्त झाडांच्या साली बघून.

असं सावकाश, न कंटाळता बघणाऱ्यांचं काम किती मोलाचं असतं त्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराच्या कीटक अभ्यासकांच्या मंडळाने, ज्यात हौशी लोकांचा मोठा वाटा आहे, संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीचे सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले, वजन केलं, नोंदी जपल्या. ६३ ठिकाणं, १९८९ ते २०१६. २०१७ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं की २७ वर्षांत कीटकांचं वजन पाऊण हिश्श्याहून जास्त घटलंय, तेही राखीव जागांत. मला यात एक गोष्ट लागली. पाऊण हिस्सा गेला आणि बहुतेक लोकांना काही कमी झाल्यासारखं वाटलंच नव्हतं. हत्तींच्या बाबतीत असं झालं असतं का?

आता परत वस्तूकडे. घेताना तीन गोष्टी बघा. एक, आत भिंगं किती आहेत. एकच काच असेल तर कडेला निळी-पिवळी झालर दिसते आणि मधला भाग सोडून सगळं ताणल्यासारखं दिसतं. तीन काचा चिकटवून केलेलं, ट्रिपलेट लिहिलेलं भिंग घ्या, कडेपर्यंत स्पष्ट असतं, आणि पानावरची लव पाहायची असेल तर कडा महत्त्वाच्या. दोन, व्यास. १८ ते २१ मिलिमीटर उत्तम. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वर लिहिलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी भिंगांवर ३०एक्स, ४०एक्स, अगदी ६०एक्स छापलेलं असतं आणि काच मात्र चांगली रुंद. तीसपट भिंगाचं नाभीय अंतर आठ मिलिमीटरच्या आसपास येतं, तेवढ्या कमी अंतराची काच इतकी रुंद असूच शकत नाही. तपासायचं कसं तर खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद धरा, भिंग त्याच्यापुढे धरून पुढेमागे करा, खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटलं की भिंग आणि कागद यातलं अंतर मोजा. अडीच सेंटिमीटर आलं तर ते दहापट, मग वर काहीही छापलेलं असो. तीन सेंटिमीटर आलं तर आठपट. एलईडी दिवा लावलेली भिंगं मिळतात, मला ती फारशी आवडली नाहीत, उजेड सपाट पडतो आणि बारीक लव, खळगे दिसेनासे होतात, बाजूने येणारा साधा दिवसाचा उजेड सगळ्यात छान. हां, संध्याकाळी किंवा दाट झाडीत दिव्याचा उपयोग होतो हे मान्य.

दोरी लावून गळ्यातच ठेवा. बॅगेत ठेवलं की ते बॅगेतच राहतं.

उणिवा आहेतच. एका वेळी एकच माणूस बघू शकतो, ग्रुपमध्ये बाकीच्यांना थांबावं लागतं. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना जमिनीजवळ जाणं खरंच अवघड जातं, त्यांनी डोळ्यांच्या उंचीवरच्या साली, भिंती, फांद्या बघाव्यात, तिथेही कमी नाही. चष्मा लावून बघितलं तर डोळा काचेपासून लांब राहतो आणि दिसणारा गोल लहान होतो, फक्त लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, बऱ्याच जणांना जमतं. चपळ किडे पकडता येत नाहीत नजरेत, फुलपाखरं तर जवळ येऊच देत नाहीत, पहाटे थंडाव्यात बसून असतात तेव्हाच काय ते. आणि पाण्याच्या थेंबातले सूक्ष्मजीव, पानांची रंध्रं वगैरे यात दिसतील अशी आशा ठेवू नका, त्याला मायक्रोस्कोप लागतो. डेल्फ्टचे कापड व्यापारी लेवेनहूक यांनी १६७० च्या दशकात एकाच इवल्या काचेतून सूक्ष्मजीव बघितले हे खरं, पण त्यांच्या हातची जी भिंगं आज शिल्लक आहेत त्यातलं सगळ्यात ताकदीचं २७०पटीच्या आसपास आहे.

उन्हाबद्दल कडक सूचना. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरी गोष्ट विसरली जाते, भिंग डोळ्यापासून लांब, उन्हात एखाद्या किड्यावर धरलं तर तो भाजतो. डोळ्याला लावलेलं असलं की डोक्याची सावली पडते आणि धोका कमी होतो, हेही योग्य पद्धतीचं एक कारण. मुलांना भिंग देताना पहिल्याच दिवशी हे सांगा. मुंग्या जाळायचा खेळ मुलं कुठून तरी शिकतातच, आणि ज्या हातात तेच भिंग नीट वापरायला दिलंय त्या मुलाला मुंगीचे डोळे, मिशांचे सांधे, तोंडात धरलेलं ओझं एकदा दिसलं की तो खेळ बहुतेक वेळा तिथेच सुटतो. उघडं भिंग उन्हात गवतावर विसरू नका, आग लागू शकते.

मोबाइलबद्दल सगळेच विचारतात. भिंग फोनच्या कॅमेऱ्यावर नीट मधोमध धरलं तर फोटो येतात, चांगले येतात. आयनॅचरलिस्टवर टाकता येतात, २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुरू झालेला तो मंच आता जगभरच्या नोंदींचा मोठा साठा झालाय, आणि तिथल्या नोंदी शास्त्रज्ञ वापरतात. मला तो आवडतो. फक्त क्रम लक्षात ठेवा, आधी बघून घ्या, मग फोटो, मग नाव. फोन आधी काढला की स्क्रीनवर नाव येतं आणि बघणं तिथेच थांबतं, माणूस पुढच्या गोष्टीकडे वळतो. शेवाळ आणि लायकेनांच्या पुष्कळ जातींचं नाव तर नुसत्या फोटोवरून खात्रीने लागतच नाही, मायक्रोस्कोप किंवा रसायनं लागतात, त्यामुळे नावाशिवाय एखाद्याला ओळखायची सवय इथे आपोआप लागते. आकार, जागा, कधी कोरडं असतं, कोण येऊन बसतं यावरून.

आणि माझी खरी शिफारस अशी की भिंग घेऊन लांब कुठे जाऊ नका. एकच जागा ठरवा, भिंतीचा हातभर तुकडा किंवा एका झाडाची साल, आणि तिथेच परत परत जा, वहीत तारीख घालून चार ओळी लिहा. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं होतं की मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपण काम सुरू केलं तेव्हा जेवढे मासे होते तेच मूळचे धरून चालते, त्यामुळे खरी घट किती ते कोणालाच कळत नाही. आपल्या भिंतीचंही तेच होतं. आज तिथे काय आहे हे कोणी लिहूनच ठेवलं नाही तर दहा वर्षांनी काय गेलं ते सांगणार कोण? वही जाडजूड नको, पावसात भिजली तरी चालेल अशी घ्या आणि पेन्सिल वापरा, शाई पसरते.

विकत घ्यायच्या आधी हे आपल्याला आवडेल का ते बघायचं असेल तर घरातली नाहीतर मित्राची दुर्बीण घ्या आणि उलटी धरा. मोठ्या काचेतून बघायचं, डोळ्याला लावायची छोटी काच वस्तूच्या अगदी जवळ न्यायची, एखाद-दोन सेंटिमीटरवर, हळूहळू पुढेमागे करत. चित्र कडेला जरा वाकडं येतं आणि दुर्बीण हातात जड होते, पण शेवाळाचं पान स्पष्ट दिसतं. तेवढं बघून अजून बघावंसं वाटलं तर ट्रिपलेट १०एक्स मागवा.